सत्तावीस नंबरची मादी

कुंदाने कापडी पिशवीची नाडी सैल केली, उंदराला दोन बोटांनी मानेमागे धरून बाहेर काढलं आणि सवयीने उलटं करून पाहिलं. मग ती तशीच थांबली. वही मांडीवर उघडी होती, पेन्सिल कानामागे खोचलेली होती, आणि वजनाचा छोटा स्प्रिंगकाटा अंजनाच्या झाडाच्या खालच्या फांदीला लटकत होता. तिने उंदराचे कान पुन्हा पाहिले. डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याच्या टोकाशी एक. तिच्या पद्धतीप्रमाणे हा सत्तावीस नंबर.

सत्तावीस नंबर मादी होती. गेल्या पावसाळ्यात ती दोनदा गाभण राहिली होती. तिच्या वजनाचा आलेख प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात सगळ्यात पहिला होता. आणि आत्ता हातात पाय झाडत होता तो चांगला वयात आलेला नर होता. अकरावीतल्या पोराचीही यात चूक झाली नसती.

"हिलालभाऊ," ती म्हणाली, "जरा इकडे या."

हिलाल भिल दहा पावलांवर रिकामे पिंजरे एकावर एक रचत होता. हातातला पिंजरा खाली ठेवून तो आला.

"काय व्हयनं, बाई?"

"हा सत्तावीस नंबर ना?"

"हा."

"हा नर आहे."

हिलाल खाली वाकला. डोळे बारीक करून त्याने उंदराच्या पोटाकडे पाहिलं, मग कुंदाकडे, मग जमिनीकडे.

"मना डोयाले आते बराबर दखास नही, बाई," तो म्हणाला. "माले वाटनं मादीच शे."

कुंदाला पहिल्यांदा वाक्य नीट कळलंच नाही. त्याला दिसत नाही, एवढंच तिने ऐकलं, आणि शिरपूरला डोळ्यांच्या शिबिराला त्याला न्यायला हवं असंही तिच्या मनात येऊन गेलं. दुसऱ्या क्षणाला बाकीचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. मे महिन्यातली सकाळ, साडेनऊ वाजलेले, भोवतालची हवा तापायला लागलेली.

"वाटलं म्हणजे?" तिने विचारलं. "कधी वाटलं?"

"बुधवारले. बुधवारले सापडनी ती. दोन दिन हयद लाई, म्हनीसन कान लवकर भरनात."

"कान कुणी कापले?"

"मीच कापात. तुमनी कात्रीवरी."

त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, हेच कुंदाला सहन होईना. एखाद्याने विहिरीला पाणी किती आहे ते सांगावं तसं तो खाचांना हळद लावल्याचं सांगत होता.

कुंदा बैसाणे धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुडा सुरू होतो तिथल्या खैरपाड्याच्या रानात ती तीन वर्षं दर शनिवारी येत होती. रानउंदरांची वाढ कशावर ठरते, हा तिचा विषय. पावसावर, खाण्यावर, दाटीवर, की कुठल्या महिन्यात जन्मले त्यावर. स्टाफरूममध्ये तिला पाठीमागे उंदीरबाई म्हणत. समोर म्हणायची हिंमत दोघाचौघांतच होती, आणि त्यांना ती हसून उत्तर देई. पाड्यावर पोचायला तिला नऊ वाजत. तोवर पत्र्याच्या पिंजऱ्यात जनावरं उकडून मरतील, म्हणून तेलात बुडवलेल्या भाकरीचे तुकडे ठेवून शुक्रवारी संध्याकाळी पिंजरे लावायचे आणि उजाडताच सापडलेले उंदीर पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे, हे काम हिलालचं. ती येऊन कानाच्या खाचा बघे, वजन करी, लिहून घेई आणि सोडून देई.

यातून तिला जे सापडलं होतं ते मोठं होतं. उन्हाळ्यात रानातलं सगळं सुकतं आणि बारक्या जनावरांचं वजन उतरतं, असं सगळे सांगतात. अंजनाच्या रानात मात्र ते उतरत नव्हतं. चैत्र-वैशाखात अंजनाच्या शेंगा पिकतात, त्या बियांमुळे असावं, असं तिने मांडलं होतं. शिवाय गेल्या वर्षीच्या संक्रांतीला खुणा केलेल्या एक्केचाळीस उंदरांपैकी इतक्या दिवसांनी एरवी आठ-दहाच उरायला हवे होते. इथे अजून छत्तीस येत होते. कुंदाला त्याचा आनंद झाला होता. वाईट बातमी आली असती तर तिने ती दहादा तपासली असती. चांगली होती म्हणून तशीच उतरवून घेतली.

तीस जूनला तिची प्रबंध सादर करायची मुदत संपत होती. एकदा वाढवून घेतलेली, पुन्हा न वाढणारी. तिचे वडील आधार बैसाणे तिच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. बेडकांचे ट्रे धुता धुता त्यांनी लेकीला शिकवलं. भीमनगरातल्या घराच्या दारावर त्यांनी नवी पाटी रंगवून घेतली होती, तेव्हा रंगाऱ्याला सांगितलं होतं, की कुंदाच्या नावाच्या आधी ‘डॉ.’पुरती जागा सोड. ती मोकळी जागा गेली तीन वर्षं येणारे-जाणारे बघत होते.

"मग खरी सत्तावीस कुठे आहे?" तिने विचारलं.

"ती मरी गई. पोयाना दुसरा दिन. पिंजरामाच मरेल व्हती. तिना जागावर दुसरी लई उनू, ती बी मांगला आठवडामा गई."

पोळ्याला आठ महिने होऊन गेले होते.

"आणि बाकीचे?"

 हिलाल बोटांच्या पेरांवर मोजू लागला.

"जुना सात शेतस," तो म्हणाला. "बाकी बठ्ठा नवा."

कुंदाने उंदीर पिशवीत परत टाकला. नाडी बांधताना तिची गाठ दोनदा सुटली. तिला ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडावं तेच सुचत नव्हतं. छत्तिसांतले एकोणतीस. पाचवं प्रकरण म्हणजे निम्मा प्रबंध, आणि त्यातल्या रेघांवरून तिने वर्षभरात किती वेळा प्रेमाने बोट फिरवलं होतं.

"का केलंत असं?"

"नंबर रिकामा ऱ्हायना की तुमनं तोंड उतरे, बाई. पहिले तो चार नंबर मरना, तव्हय तुम्ही दिनभर जेवन्यात नही."

"आणि वजन? उन्हाळ्यात वजन कसं नाही उतरलं?"

"हलका सापडना की सोडी देऊ. भारी सापडना की ठेऊ." हिलाल पहिल्यांदाच गोंधळल्यासारखा दिसला. इतकी साधी गोष्ट तिला कशी कळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "कागदवर वजन वाढाले पाह्यजे ना, बाई? हाई तर बठ्ठास्ले माहीत शे."

ती उठली. वही छातीशी धरून पाड्याच्या दिशेने चालू लागली. मागे हिलाल पिशव्या काठीला अडकवून येत होता, त्याच्या पावलांचा आवाज तिला नकोसा झाला होता. रागापेक्षा तिला भीती जास्त वाटत होती. माझ्या हाताखालून आठ महिने, वर्षभर, एकोणतीस जनावरं बदलली जातात आणि मला कळत नाही. तिच्या मनात फिरून फिरून तेच येत होतं.

हिलालचं घर पाड्याच्या कडेला होतं. त्याची बायको भिकुबाई ओट्यावर तूर पाखडत होती. कुंदाचा चेहरा पाहून तिने सूप बाजूला ठेवलं.

"आधी पानी प्या, बाई."

कुंदाने तांब्या तोंडाला लावला आणि निम्मं पाणी अंगावर सांडलं. हिलालने पिशव्या ओट्याच्या वाशाला टांगल्या आणि बायकोला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. भिकुबाईने ऐकून घेतलं, आणि ती आत निघून गेली.

ओट्यावर बसल्या बसल्या कुंदाला हळूहळू दुसरी गोष्ट सुचायला लागली. ती सुचली याचाच तिला नंतर जास्त धक्का बसला. हे कुणाला माहीत आहे? हिलालला. त्याला लिहिता-वाचता येत नाही आणि तो धुळ्याला कधी आलेला नाही. मार्गदर्शक सर औरंगाबादला आहेत, त्यांनी हे रान पाहिलेलं नाही. परीक्षक येतील ते पाचव्या प्रकरणावर खूश होतील. तीस जूनला पाच आठवडे होते. तिने वही उघडली, सत्तावीसच्या आलेखाचं पान काढलं आणि खाली आजच्या तारखेसमोर लिहिलं, मादी, ७६ ग्रॅम. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. 

"काय लिखं, बाई?" हिलालने विचारलं.

"काही नाही."

भिकुबाई बाहेर आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिने नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तिले दखाडा," ती म्हणाली. "म्हनजे तिले कयई."

हिलालने पिशवी उलगडली. आत घडी पडलेलं, कडेने पिवळं झालेलं जाड कागदाचं कार्ड होतं. अंगणवाडीत मुलांचं वजन मांडतात तसलं. वर शाईने नाव लिहिलेलं होतं, झुंबर हिलाल भिल, आणि खाली महिन्यांच्या चौकटींत निळी टिंबं रेघेने जोडलेली होती.

कुंदाने कार्ड हातात घेतलं. असले आलेख वाचणं हे तिचं कामच होतं, आणि काम समोर आलं की मन थोडं ताळ्यावर येतं. सुरुवात जरा खालून होती. नवव्या महिन्यापर्यंत रेघ रडतखडत चढली होती. दहाव्याला आणि अकराव्याला ती खाली आली होती, आणि तिथून पुढे सलग नऊ महिने वर वर गेली होती. कुठेच थांबली नव्हती, उन्हाळ्यातसुद्धा.

"वाढ चांगली आहे," ती म्हणाली. "मध्ये थोडी घसरलीय, पण मग छान सावरलीय. मी हिला कधी पाहिलं नाही. कितवीत आहे आता?"

 हिलालने हात पुढे केला आणि जाड, भेगाळलेलं बोट रेघ खाली आली होती त्या जागी ठेवलं.

"हाऊ खड्डा शे ना," तो म्हणाला, "तठेच गई ती. ताप उनता. चार दिनमा गई."

कुंदाने कार्डाकडे पाहिलं. त्या बोटाच्या पुढे नऊ टिंबं होती. सहा किलो दोनशे. साडेसहा. सहा आठशे. प्रत्येक टिंब नीट, गोल, एकाच हाताने काढलेलं. 

"आणि ही पुढची?"

"ती अंगनवाडीनी ताईनी कऱ्यात. बाई वाईट नव्हती ती. वरथून साहेब ये. नाव कमी व्हयनं की तिले बोले, वजन कमी व्हयनं की तिले बोले. मी सांगाले गऊ, पोर गई म्हनीसन, तर ती रडनी. पन नाव तसंच ठेवं. मन्ही पोरना वाटानी सुकडी ती माले देत जाये."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"पहिला महिना माले राग उना." हिलाल वाशाला लटकलेल्या पिशव्यांकडे बघत होता. "दुसरा महिना गऊ, तर ती वाचीसन सांगे, झुंबर साडेसहा किलोनी व्हयनी. मी घर उनू, हिले सांगं. तिसरा महिना मी बठ्ठास्ना पहिले जाईसन बठनू."

भिकुबाई पदर तोंडाशी धरून उंबऱ्यात उभी होती. "दर महिनाले वाट दखूत," ती म्हणाली. "कितली व्हयनी म्हनीसन."

"मंग ती ताई बदलीसन गई," हिलाल म्हणाला. "जातांना कार्ड माले दिधं."

कुंदाने कार्ड मांडीवर ठेवलं. शेजारी वही उघडीच होती. कार्डावरची रेघ आणि वहीतली सत्तावीसची रेघ तिने एका नजरेत पाहिली. दोन्ही रेघा एकाच वळणाने गेल्या होत्या. आणि सगळ्यात शेवटी तिच्या स्वतःच्या हातचं ताजं अक्षर होतं, मादी, ७६ ग्रॅम. तिला शरम वाटली, आणि ती लपवायला जागाच नव्हती.

खोडरबर तिने आपल्या खांद्याच्या पिशवीतून काढलं आणि परत ठेवलं. लाल पेन्सिल काढली. मादी या शब्दावर तिने एक आडवी रेघ मारली, खालचं अक्षर दिसत राहील अशी, आणि बाजूला लिहिलं, नर, बुधवारी पकडलेला, नवा.

"बसा हिलालभाऊ," ती म्हणाली. "एक नंबरपासून सांगा. कोण कधी गेलं."

"बठ्ठा?"

"सगळे."

ते दोन तास बसले. हिलालला लिहिता येत नव्हतं, म्हणून बहुधा त्याला काही विसरताही येत नव्हतं. तीन नंबर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, पिंजऱ्याजवळ नुसती शेपटी सापडली. अकरा नंबर गौरी बसल्या त्या आठवड्यात. एकोणीस आणि वीस एकाच दिवशी, शिरपूरचा बाजार होता. कधी तो अडला, तर भिकुबाई आतून सांगे, तो नाही, त्याच्या आधीचा, त्या दिवशी घरात पाहुणे होते. दोघांनाही सगळे उंदीर ठाऊक होते. कुंदा सणावारांवरून तारखा काढत होती आणि एकेका रेघेला मधेच तोडत होती. जे उरलं त्यात फार काही नव्हतं. सात उंदीर, आणि त्या सातांचंही वजन फाल्गुनापासून उतरत आलं होतं. पाचवं प्रकरण सगळ्या रानांसारखंच निघालं.

एक्केचाळिसावा झाला तेव्हा सावली ओट्यापर्यंत आखडली होती. तीस जून आता होणार नव्हता. सरांना पत्र लिहावं लागेल, ते चिडतील, कदाचित सगळंच थांबेल. घरी जाऊन वडिलांना सांगावं लागेल, आणि ते काही बोलणार नाहीत, पाटीकडे एकदा बघतील, याचंच तिला जास्त वाटत होतं. तिने वही मिटली.

"बाई," हिलाल म्हणाला.

तो कार्ड हातात घेऊन बसला होता.

"तुमना वहीमा आते जसं लिखं ना, तसं यामा बी लिखी द्या. खरं ते."

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत त्याच्याशी ती नेहमी कॉलेजातल्या मराठीतच बोलत आली होती. हिलालचीच भाषा तिच्या आजीच्या तोंडी होती; तिने ती शाळेत असतानाच सोडली होती, ती आता तिच्या तोंडात आपसूक आली.

"कोनता दिन व्हता?" तिने विचारलं.

"श्रावणना दुसरा सोमवार."

कार्डावरच्या जन्मतारखेवरून तिने एकोणीसशे त्र्याऐंशीचा श्रावण मनात मोजला, वहीच्या कोपऱ्यात लिहून पुन्हा तपासला. मग कार्ड गुडघ्यावर सपाट केलं, पट्टी काढली, आणि अकराव्या महिन्यानंतरच्या पहिल्या टिंबावर लाल पेन्सिलीचं टोक टेकवलं.

हिलालचा तळवा कार्डावर आला. नऊच्या नऊ टिंबं त्याखाली झाकली गेली.

"त्या ऱ्हाऊ द्या, बाई."

"पण तुम्हीच म्हणालात ना, खरं लिहा."

"तारीख लिखा ना. त्या ऱ्हाऊ द्या." त्याने तळवा हळूच मागे घेतला आणि एक बोट दुसऱ्या टिंबावर ठेवलं. डोळे बारीक करावे लागले नाहीत. "आठे तिले वरना दात उनात." बोट पुढे सरकलं. "आठे ती धरी धरी उभी ऱ्हायनी. आनि आठे चालाले लागनी."

कुंदाने लाल पेन्सिल उचलून घेतली. उंबऱ्यातून भिकुबाई पुढे आली आणि नवऱ्याच्या खांद्याशी वाकली. तिला कार्डावरचं काही वाचता येत नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत राहिली.

"आनि बोलाले?" तिने विचारलं. "बोलाले कव्हय लागनी?"

हिलालने बोट दोन टिंबं पुढे नेलं.

"आठे," तो म्हणाला.

कुंदाने पट्टी पिशवीत ठेवली. कार्डाच्या अगदी खालच्या कडेला, एकाही टिंबाला लागणार नाही अशा बारीक अक्षरात तिने तारीख लिहिली. वाशाला लटकलेल्या पिशवीत सत्तावीस नंबर धडपडत होता. त्याला अजून सोडायचं होतं.